धारेच्या वेळचं लुगडं

ती पोरगी मुरगूडला आमच्या दारात एकदाच आली. नाव सांगितलं असंल, मी ध्यानात ठेवलं न्हाय. म्हाताऱ्या माणसांवर अभ्यास करत हिंडायची, पेन वेणीत खोचून.

बायको गेल्यावर मी तिचं लुगडं पांघरून म्हशीची धार काढायला लागलो. ते बघून माझा नोकरदार पोरगा घाबरला. दवाखान्यात नेलं, तिथं शंभरातनं सात-सात वजा करायला लावलं. मी दोन यत्ता शिकलेला, चुकलो. म्हातारा भ्रमला म्हणून पोरगा म्हैस विकायला निघाला.

पोरगीनं माझ्यासमोर मांडी घातली.

"आबा, धार कशी काढता? पहिल्यापासनं सांगा."

"पयलं बायकोचं लुगडं अंगावर घ्यायचं."

"ते का?"

"म्हैस तिच्या हातची. माझ्या वासानं पान्हवंना. मग रेडकू सोडायचं, कास धुवायची..."

ती हसली न्हाय. चहा झाल्यावर परत इचारलं, मी तसंच सांगितलं. मग ती पोराकडं वळली.

"दादा, दोनच यत्ता शिकलेल्याला शाळेचं गणित घालून वेडं ठरवू नका. अशी किती माणसं वेडी ठरलीत, तेच मी शोधते."

"आन् ते लुगडं?"

"मग तुम्ही काढा की धार, लुगड्याशिवाय."

पोरगा तावात बादली घेऊन बसला. म्हशीनं बादलीसकट उडवला.

म्हैस अजून दावणीलाच हाय. सांजचं लुगडं आता पोरगाच आणून माझ्या खांद्यावर टाकतो. "धुवून आणू का?" असं त्यानं एकदाच इचारलं. मी म्हटलं, खबरदार.