जड कुंड्या

काचघरातल्या सगळ्यांची ती मावशी. सकाळी सहाला यायचं आणि दोन खोल्यांतल्या गव्हाच्या एकशेवीस कुंड्या एकेक करून काट्यावर ठेवायच्या. ठरलेल्या वजनापेक्षा जितकं कमी भरेल तितकंच पाणी घालायचं, थेंबही जास्त नाही. एका खोलीत आपली साधी हवा. दुसरीत नळीतून जादा कार्बन डायऑक्साइड सोडलेला, म्हणजे आणखी पन्नास वर्षांनी असेल म्हणतात तशी हवा.

"मी रोज पन्नास वर्षं पुढे जाते नि चहाला परत येते," ती सुनेला सांगायची.

"मग येताना तिथली भाजी तरी आणत जा," सून म्हणायची.

नोकरीच्या पहिल्याच वर्षी मावशीच्या हातून एक गुन्हा घडला होता. प्रयोगासाठी तहानलेली ठेवलेली रोपं माना टाकून उभी होती, ते तिला बघवलं नाही. आपल्या डब्यासोबतची पाण्याची बाटली तिनं त्यांच्यात रिकामी केली. अख्खा हंगाम वाया गेला. दुसऱ्या दिवशी तिनंच जाऊन सांगितलं, म्हणून नोकरी टिकली. पण गोष्ट टिकली ती टिकलीच. प्रयोग बघणाऱ्या नव्या मॅडम आल्या, तेव्हा पहिल्या आठवड्यातच कुणीतरी ती त्यांच्या कानावर घातली.

यंदा मॅडमनी बारा दिवस सगळं पाणी तोडलं. फक्त वजनं घ्यायची. सहाव्या दिवशी वही बघून त्या थांबल्या. दुसऱ्या खोलीतल्या कुंड्या फारच हळू हलक्या होत होत्या.

"थोडा फरक पडणार हे मला माहीत आहे, पण इतका? मावशी, पाणी घातलंत का?"

"नाही."

"मागे एकदा..."

"मागे घातलं तेव्हा मीच येऊन सांगितलं होतं. आता घातलं असतं तर आताही सांगितलं असतं."

मॅडमचा चेहरा सैल झाला नाही. त्या म्हणाल्या, "पुढच्या हंगामापासून तुम्ही कुंड्या धुवायला या. काट्यावर दुसरं कुणी बसेल."

एकवीस वर्षं ती त्या काट्यावर होती. कुंडी उचलताच तिला वजन कळायचं, काटा फक्त मान डोलवायचा. धुण्याच्या हौदाशी तिची ही विद्या कुणाला हवी होती?

"तीन दिवस द्या," ती म्हणाली. "दोन्ही खोल्यांना कुलूप घाला, किल्ली तुमच्या पर्समध्ये. वजनंही तुम्हीच घ्या. मी बाहेर बसते."

मॅडम सहाला येऊ लागल्या. सात किलोची एकेक कुंडी, एकशेवीस वेळा. पहिल्या दिवशी त्या ताठ बाहेर आल्या, दुसऱ्या दिवशी भिंत धरून. तिसऱ्या दिवशी मावशीनं न विचारता स्टूल पुढे केलं.

आकडे मात्र तसेच राहिले. दुसऱ्या खोलीतल्या कुंड्या अजूनही जडच. मग मॅडमनी पानांच्या पाठीला पारदर्शक नेलपॉलिश लावलं, वाळल्यावर त्याची पापडी सोलली आणि सूक्ष्मदर्शकाखाली धरली.

"बघा मावशी, ही पानाची छिद्रं. यांतूनच ते हवा घेतं, आणि यांतूनच त्याचं पाणी उडतं. दुसऱ्या खोलीतली बरीच मिटलेली आहेत."

मावशीनं एक डोळा मिटून पाहिलं. "थोडं तोंड उघडून पोट भरतंय, तर आ वासून कशाला बसतील?"

मॅडम हसल्या आणि लगेच कंबर धरली. "पण फार कौतुक करू नका. यांचा दाणा भरतो खरा, प्रथिनं मात्र कमी उतरतात. आणि पाणी अगदीच संपलं की हीसुद्धा माना टाकणार."

"लाडावलेली आहेत म्हणा की."

मॅडमनी वही मिटली. मग मॅडम म्हणाल्या, "चुकलं माझं. काटा तुमचाच."

"ते मला माहीत होतं," मावशी म्हणाली. "तुम्ही कंबर शेका आधी."

बाराव्या दिवसानंतर पाणी सुरू करायचं होतं. मॅडमनी किल्ली आणि झारी मावशीच्या हातात दिली आणि स्वतः बाहेरच्या स्टुलावर टेकल्या.

"आत या की, बघा तरी किती घालते ते."

"बघायचं काय त्यात? तुम्ही सांगा, मी लिहिते."

आणि मावशी आतून एकेक आकडा खणखणीत सांगत गेली.