तारेवरची पिवळी लोकर
वसमतच्या रस्त्याला शिजत्या हळदीचा वास आला की मला आमचा म्होरक्या मेंढा आठवतो. गायरानाकडं जाणारी आमची वाट शेजाऱ्यानं काटेरी तार ओढून अडवली होती. ती खुली करायचा निकाल हायकोर्टानं दिला, असा वकिलांचा फोन आदल्या संध्याकाळी आला. सकाळी बापानं मेंढ्याच्या मानेला हळद चोळली, नारळ घेतला आणि सगळा कळप हाकला. निकाल लागला म्हणजे तार निघाली, असंच आम्ही धरून चाललो होतो. तार होती तिथंच होती. मागच्या मेंढ्या पुढच्यांना रेटायला लागल्या, कोकरं ओरडायला लागली, धुरळ्यानं घसा कोरडा पडला. बापानं वकिलांना फोन लावला. "सायेब, कोर्टानं वाट खुली केली ना? मंग तार काहून हाय?" "काका, कोर्ट हुकूम देतं. तार काढायला तहसीलची माणसं येतील, पोलीस बंदोबस्त मिळाला की." "आन् न्हाई आली तर?" "पुन्हा कोर्टात जाऊ." मी खांद्यावरची कुऱ्हाड तारेवर उगारली, तर बापानं मनगटच धरलं. "आपुन तोडली तर आपल्यावरच केस व्हईल." मेंढा तारेला मान घासत राहिला, हळदीनं पिवळी झालेली लोकर काट्यांना अडकत गेली. शेवटी न फोडलेला नारळ घेऊन आम्ही कळप माघारी वळवला. आज मी कोर्टात स्टेनो आहे. जज साहेब निकाल सांगतात, "रस्ता तात्काळ खुला करून द्यावा," आणि टाइप करता करता माझी बोटं अडतात. माझ्या डोळ्यांपुढं तारेला अडकलेली पिवळी लोकर अजून वाऱ्यावर हलत असते.