कोऱ्या टाचांच्या चपला

"नव्या घेतल्या काय वं पोरी?" माझ्या चपलांकडे बघून ती विचारायची. माझ्या घरात कुणाच्या लक्षात आलेलं नसायचं, हिच्या नजरेतून मात्र सुटत नसे. सुटणार कसं? पाठीचे मणके झिजून ती कमरेतून इतकी वाकली होती की उभी राहिली की तिला फक्त पायच दिसत.

महागावात माझं फिजिओथेरपीचं दोन खोल्यांचं केंद्र आहे. फुलसावंगीकडून ती नवऱ्याबरोबर एसटीने उपचाराला यायची. घरचं कापूस-तुरीचं वावर, त्यात जन्मभर वाकून तण निंदलेलं. आल्या आल्या बाकावर बसलेल्यांचे पाय बघून नावानिशी चौकशी सुरू. "मी तं पायावरूनच वळखतो लोकाइले." एकदा एक मास्तर घाईत भावाच्या चपला घालून आले. हिने त्यांना भाऊच समजून विचारलं, "बैलाचा पाय बरा हाय काय?" मास्तरही इतके भले की भावाला विचारून पुढच्या खेपेला उत्तर घेऊन आले.

मी तिची चप्पल उलटी करून बघितली होती. पुढे पार भोक पडलेलं आणि टाच दुकानातून आणल्यासारखी कोरी. "काकू, तुमचं सगळं वजन पुढे पडतं," मी म्हटलं. ती हसली, "म्हंजे टाच मी फुकटच घेतली म्हन."

पुढे पाय बधिर व्हायला लागले. चार पावलं चालली की बसावं लागे. नागपूरचे डॉक्टर म्हणाले, सळ्या आणि स्क्रू घालून पाठ सरळ करू, पण मग वाकता येणार नाही. नवरा घाबरला. खरं सांगते, मीही घाबरले होते. ती म्हणाली, "वाकून वाकूनच तं हे झालं, आता कायले वाकू? मले लोकाइच्या तोंडाकडे पाहून बोलाचं हाय."

ऑपरेशननंतर वॉकर धरून ती पहिल्यांदा उभी राहिली, ते मला नवऱ्याने सांगितलं. आधी नुसती त्याच्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "तुमी एवढे उंच हाय काय जी? मी तं इसरूनच गेलती." हे सांगताना काकांनी माझ्याकडे पाठ फिरवली होती.

सवय मात्र जाईना. माणूस आलं की आधी पाय बघायची, मग तोंड, आणि दोन्ही जुळल्याची खात्री झाली की हसायची.

वर्षभराने डॉक्टरांनी एक्स-रेवर मानेपासून सरळ खाली रेघ ओढली. ती रेघ कमरेच्या दोन बोटं पुढे पडत होती, म्हणजे थोडा बाक उरलाच होता. डॉक्टरांचा चेहरा उतरला, रिपोर्ट बघून माझाही. हिनेच समजूत घातली, "दोन बोटं राहू द्या. पायबी वळखता आले पाह्यजे."

या उन्हाळ्यात ती गेली. छातीत दुखल्याचं निमित्त झालं. तेराव्यानंतर काका, मी तिला वापरायला दिलेला वॉकर परत द्यायला आले. दारात मी आधी त्यांचे पाय बघितले आणि मग तोंड, तेव्हा माझं मलाच कळलं की ती सवय मला लागली आहे.

पिशवीतून त्यांनी तिच्या चपला काढल्या, ऑपरेशननंतर घेतलेल्या. उलट्या करून माझ्यासमोर धरल्या.

"पाह्य पोरी," ते म्हणाले, "टाचबी झिजली."