धोंडुबाईची खुर्ची

म्हशी राखायला विमानानं गेलेला वस्तीतला पहिला माणूस म्हणजे धोंडुबाईचा धनाजी. डेअरीचा डिप्लोमा केला आणि पोरगा गेला तो थेट इटलीत, समुद्रकाठच्या एका गावाजवळच्या गोठ्यावर. "आरं, म्हसवडात काय शेण कमी पडलं व्हय रं?" म्हणून लोकांनी वर्षभर पोट धरून हसून घेतलं. पुढं धनाजीनं घरावर स्लॅब टाकला, तेव्हा हसणारेच स्लॅबवर चढून पाणी मारत होते.

सून राणी बाळंत व्हायची होती, म्हणून धोंडुबाईला बोलावणं आलं. पासष्टीची बाई. पुण्याच्या पुढं कधी गेली नव्हती. गेली ती एकदम तिकडंच.

समुद्र पहिल्यांदा बघितल्यावर तिला आनंद झाला नाही, राग आला. माणदेशातली ती. हंडाभर पाण्यासाठी टँकरमागं धावण्यात जन्म गेलेला.

"येवढं पानी, आन् प्यायला एक घोट न्हाई?" ती राणीला म्हणाली. "मग पसरून कशाला ठिवलंय?"

गाव मात्र तिला आवडलं. गल्ल्या आपल्यासारख्याच बोळकांड्या, पण वर बघितलं की या घरापासून त्या घरापर्यंत दोऱ्या बांधलेल्या आणि त्यांवर गल्लीभर धुणी. लपवाछपवी नाही. कुणाच्या घरात किती माणसं आणि कुणाच्या बनियनला किती भोकं, सगळं आभाळात मांडलेलं. एक बाई तिसऱ्या मजल्यावरनं दोरीला टोपली बांधून खाली सोडायची. दुकानदार तीत पाव आणि लिंबं टाकायचा, की बाई दोरी ओढायची. आपण विहिरीतनं पाणी शेंदतो, तशी ही न्याहारी शेंदत होती! गच्च्यांवर टोमॅटो चिरून, मीठ लावून वाळत टाकलेले. आपल्याकडं वाळवण कावळ्यांपासून राखावं लागतं, तिथं मांजरांपासून. कोपऱ्याकोपऱ्यावर भिंतीतल्या कोनाड्यात त्यांचा देव, वर मिणमिणता दिवा, पुढं प्लास्टिकची फुलं. धोंडुबाईनं प्रत्येकाला हात जोडले आणि मनातल्या मनात म्हसवडच्या सिद्धनाथाला कळवलं, "तुझ्याच भावकीतलं दिसत्यात."

पण तिचा जीव अडकला तो भलत्याच ठिकाणी.

ऊन उतरलं की गल्लीतल्या म्हाताऱ्या आपापल्या खुर्च्या उचलून दारात आणायच्या आणि रस्त्याकडं तोंड करून ऐसपैस बसायच्या. येणाऱ्याजाणाऱ्याला नखशिखांत न्याहाळायच्या आणि तो वळणापार जायच्या आत त्याच्यावर मत द्यायच्या. समोरून काठी टेकत एखादा म्हातारा आला तरी एकही उठायची नाही. म्हाताराच टोपी उचलायचा!

धोंडुबाईचे डोळे पांढरे झाले. तिच्या वस्तीवर सासरच्या थोरल्या माणसासमोर बाई खुर्चीवर बसत नव्हती. बसायचं ते जोत्याखाली, जमिनीवर, पदर पुढं ओढून. तिच्या घरासमोरच थोरल्या दिराचं, बिराप्पाचं दार. तो दिवसभर लाल खुर्चीत बसून फाट्यावर यष्टीतनं कोण उतरलं याची हजेरी घेणार आणि धोंडुबाई चाळीस वर्षं मातीत बसून त्या खुर्चीचे पाय बघणार.

समोरच्या नुन्सियाबाईनं एक दिवस आतनं दुसरी खुर्ची आणली, तिच्या बैठकीवर हात आपटून दाखवला आणि धोंडुबाईला खुणेनं बोलावलं. धोंडुबाई बसली. म्हातारा दिसला की ताडकन उठायची आणि नुन्सियाबाई पदर धरून खाली ओढायची. चार दिवसांत नऊवारीचा पदर उसवला, पण सवय मोडली.

बाळंतपणापायी दवाखान्यात जाऊन जाऊन राणी तिथली भाषा बोलायला शिकली होती. तिनं एकदा नुन्सियाबाईचं बोलणं सांगितलं. "आत्या, ह्या म्हणत्यात, त्यांच्या आज्जीच्या येळंला बायकांनी खुर्ची घ्यायची ती भिताडाकडं तोंड करून. रस्त्याला पाठ. आईपण तशीच बसायची. मग एक दिवस आईनं खुर्ची फिरवली."

"मग काय झालं?"

राणीनं ते तिकडं विचारलं. नुन्सियाबाईनं खांदे उडवले.

"काय न्हाई म्हणत्यात. रस्ता दिसाय लागला."

नातवाला न्हाऊमाखू घालून, तिसऱ्या महिन्यात धोंडुबाई परतली. वस्तीला वाटलं, म्हातारी चॉकलेटं आणील. चॉकलेटं आणलीच होती. पण दुसऱ्या दिवशी ऊन उतरल्यावर तिनं पाहुण्यांसाठी ठेवलेली घरातली निळी खुर्ची उचलली, दारात मांडली आणि रस्त्याकडं तोंड करून बसली. बरोबर बिराप्पाच्या समोर.

बिराप्पाच्या हातातली तंबाखू हातातच राहिली. भावजयीशी तो थेट कधी बोलला नव्हता. त्यानं तोंड घरात वळवून बायकोला हाक मारली. "आक्काताई! समोर काय चाललंय इचार."

आक्काताई रस्ता ओलांडून आली. रस्ता दहा पावलांचा. नवऱ्याचा प्रत्येक शब्द धोंडुबाईला आधीच ऐकू आलेला. तरी रीत ती रीत.

"धोंडे, ह्ये म्हणत्यात, काय चाललंय?"

"बसलीय म्हणावं."

"अगं, गुडघं दुखत्यात म्हणून सांग की," आक्काताई कुजबुजली. "डागदरानं सांगितलंय म्हण. सोडत्याल."

धोंडुबाईला मोह झाला. गुडघे खरंच दुखत होते. पण दुखणं सांगितलं की खुर्ची दुखण्याची झाली. तिची कुठं राहिली?

"गुडघं ठणठणीत हायती," ती मोठ्यानं म्हणाली. "मला बसायचंय म्हून बसलीय."

समोरून गर्जना झाली. "आक्काताई! तिला म्हणावं, इटलीचं इटलीत. हितं आपली रीत हाय!"

"त्यास्नी म्हणावं, त्यांची खुर्ची तरी कुठं सिद्धनाथानं दिलीय? प्लास्टिकचीच हाय. बाजारातली."

पाणी भरायला निघालेल्या दोन बाया घागर टेकून उभ्या राहिल्या. बाजाराच्या दिवसासारखी वस्ती गोळा झाली. बिराप्पा काही वाईट माणूस नव्हता. धोंडुबाईचा नवरा गेला तेव्हा तिची मेंढरं यानंच चारली होती. म्हणून तर अवघड होतं. शेवटी मोठं मन करून त्यानं तोडगा काढला.

"आक्काताई, तिला म्हणावं, बस. पर भिताडाकडं तोंड करून बस. रस्त्याला पाठ. म्हंजे तुझं बी ऱ्हाईल, आमचं बी ऱ्हाईल."

बायांना वाटलं, मिटलं. आक्काताईनं तर खुर्ची फिरवायला हातही घातला. आणि धोंडुबाई हसायला लागली. अशी हसली, की डोळ्यांना पदर लावावा लागला.

"आक्काताई, त्यास्नी सांगा, ह्यो तोडगा तिकडं करून झालाय. भिताडाकडनं रस्त्याकडं वळाय बायकांच्या दोन पिढ्या गेल्या. माझ्याकडं तेवढा येळ न्हाई."

ती हलली नाही. खुर्चीही हलली नाही. अपमानानं लाल झालेला बिराप्पा उठला आणि आपली खुर्ची उचलून त्यानं गर्रकन फिरवली. रस्त्याला पाठ, तोंड भिंतीकडं. भावजयीचं तोंड बघणार नाही म्हणजे नाही!

तीन दिवस तो भिंत बघत बसला. भिंतीवर बघण्यासारखं पल्स पोलिओच्या एका जुन्या जाहिरातीशिवाय काही नव्हतं. इकडं दुसऱ्या दिवशी घागरवाल्या बायांतली एक तेलाचा डबा पालथा घालून धोंडुबाईशेजारी टेकली. तिसऱ्या दिवशी आक्काताई आली. स्टूल घेऊन, नवऱ्याच्या पाठीमागून, चोरपावलांनी.

चौथ्या दिवशी फाट्यावर यष्टी थांबली. कुणीतरी उतरलं. मोठी बॅग, शेजारी बाई, बाईच्या हातात पिंजरा. बायांमध्ये एकदम कुजबुज उठली, मग हसू फुटलं. बिराप्पानं कान टवकारले, खाकरला, मिशीवरून हात फिरवला.

"आक्काताई," तो भिंतीला म्हणाला, "कोन उतरलं गं?"

आक्काताई तोंडाला पदर लावून गप्प. स्टुलावरून उत्तर दिलं तर ती कुठं बसली आहे ते उघड झालं असतं.

"आक्काताई?" तो पुन्हा म्हणाला. मग चाळीस वर्षांत पहिल्यांदा, पण अजून भिंतीलाच, "धोंडुबाय... कोन हाय?"

धोंडुबाईनं खुर्चीच्या हातांवर हात टेकले, पाय लांब केले.

"सांगती की, भावजी," ती म्हणाली. "पर तोंड हिकडं करून इचारा."