राजाच्या मागचा ताफा

किल्लीवाल्याचं सगळं आयुष्य दुसऱ्या नगावर चाललं होतं. पहिली किल्ली गिऱ्हाइकाची, दुसरी त्याच्या हातची, आणि दोन्हींत केसाचाही फरक नाही, हा त्याचा तोरा. मेंडोलिनही तो तसंच वाजवायचा.

मुलीचा बाहुल्यांचा खेळ उद्यावर आला होता. त्यात राजा वाजतगाजत येतो. मागे वाजंत्र्यांचा अख्खा ताफा हवा, आणि ताफा म्हणजे एकटे बाबा. झोपायच्या खोलीतल्या कपाटात, रजयांच्या मधोमध, गुडघे बाहेर काढून तो बसला होता. माइक हँगरला टांगलेला.

"तीच धून दोनदा वाजव," मुलीने सांगितलं होतं. "एक डाव्या कानात सोडते, एक उजव्या. जरा मागेपुढे झालं की दोन माणसं वाटतात."

त्याने दोनदा वाजवलं. मुलीने हेडफोन लावून डोळे मिटले.

"बाबा, एकच माणूस आहे. माझ्या डोक्याच्या बरोब्बर मध्ये बसलाय."

"मग चुकलं कुठे?"

"कुठेच नाही, तेच तर. असं हवं असतं तर मीच कॉपी केली नसती का?"

मग त्याने मुद्दाम चुकून पाहिलं. राजा जिन्यावरून गडगडत आल्यासारखं ऐकू आलं.

"संध्याकाळपर्यंत जमलं नाही, तर कीबोर्डवाल्या काकांना सांगते. त्यांच्या एका बटणात पन्नास माणसं आहेत."

किल्लीवाल्याच्या नाकाचा शेंडा लाल झाला. त्या काकांच्या घराची किल्ली आपणच करून दिली होती, हे त्याला आठवलं. तो विचार त्याने लगेच झटकला.

इतक्यात बायको इस्त्रीचे शर्ट घेऊन आली. "उठा. मला हे ठेवायचेत."

"रेकॉर्डिंग चाललंय."

"चालू द्या. मी बसते."

ती पलंगाच्या कडेला, मांडीवर शर्टांची चवड घेऊन बसली आणि त्याच्याकडे बघत राहिली. इतकी वर्षं तिने त्याचं वाजवणं पलीकडच्या खोलीतून ऐकलं होतं, हातातलं काम न थांबवता. तो पुन्हा वाजवू लागला, आणि त्याची बोटं लाजली. चुकली नाहीत; एका सुरापाशी उगीच रेंगाळली, पुढच्याकडे जरा घाईने गेली.

मुलीने हेडफोन कानांवर दाबला. "आले," ती हळूच म्हणाली. "एक खिडकीपाशी, एक दारापाशी."

"थांब, ते नीट नाही आलं. पुन्हा घेतो."

"त्याला हात लावायचा नाही. असेच आणखी दोन दे, झाला ताफा. आई, तू हलू नकोस."

"मला काय, मी बसते. पण यांना सांग, असा गंभीर चेहरा करू नका. मला हसू येतं."

पुढच्या खेपेला तिचं हसू माइकमध्ये गेलंच. मुलीने ते काढलं नाही. राजाच्या मागे कुणी हसत आलं, तर राजाची काही हरकत नव्हती.