बारातली तीन नासकी

अंड्यांच्या गोदामात तिला सगळे दिवेवाली म्हणत. अंधाऱ्या खोलीत दिव्यासमोर अंडं धरायचं, हलकेच फिरवायचं, आत डाग दिसला की बाजूला ठेवायचं. उभी हयात यातच गेली आणि त्या दिव्यानं डोळ्यांची वाट लावली. डॉक्टरांनी बजावलं, हे काम सोडा. वरच्या मजल्यावर खिडकीशी एक जागा रिकामी होती, पण त्या कामाला दहावी पास लागे आणि दिवेवालीचं गणित राहिलेलं. दोनदा बसली, दोनदा आपटली. या खेपेला सुनेनं कंबर कसली.

"आई, टोपलीत बारा अंडी आहेत, तीन नासकी. न बघता एक उचललं, तर चांगलं निघायची संभाव्यता किती?"

दिवेवालीनं ठसक्यात लिहिलं, एक.

"एक म्हणजे शंभर टक्के. ते कसं?"

"मी उचललेलं नासकं निघेल होय?"

सुनेनं कपाळाला हात लावला. आकडेमोडीत सासू तिच्याही पुढं होती; घोडं अडायचं ते 'न बघता'पाशी.

"न बघता कोण उचलतं गं? कामावरून काढतील."

पुन्हा समजावलं, पुन्हा तेच. शेवटी सून वैतागली. "मग मला कशी घरात घेतलीत? तुमच्या लेकानं फोनवर सांगितलं आणि तुम्ही हो म्हणालात. पाहिलंही नव्हतं मला."

दिवेवालीनं पेन्सिल खाली ठेवली. आपण भलतंच बोललो, असं सुनेला वाटलं.

"घास उतरत नव्हता तेव्हा," दिवेवाली म्हणाली. "कोण येतेय, कशी निघतेय. पण लेकाचा शब्द. मिटले डोळे."

"मग आत्ताही मिटा. टोपलीत हात घाला."

तिनं खरंच डोळे मिटले. एक हात पुढं करून हवेतच चाचपलं.

"चांगली नऊ, सगळी मिळून बारा. म्हणजे तीन छेद चार." मग हळूच म्हणाली, "म्हणजे माझ्या हातूनही नासकं निघू शकतं."

"निघू शकतं, आई. त्यात हाताचा दोष नसतो."

इतकी वर्षं एकेका चुकलेल्या अंड्यासाठी स्वतःला कोसणाऱ्या बाईला हे कुणी सांगितलंच नव्हतं. गणिताचं पुस्तक एरवी इतकं मायाळू नसतं.

परीक्षेत अंड्यांऐवजी रंगीत चेंडू आले. दिवेवालीनं डोळे मिटले. झोप लागली समजून पर्यवेक्षक उठवायला आले, तर तिनं हातानंच त्यांना थांबवलं.

निकाल सुनेनं मोबाईलवर पाहिला. काठावर, पण पास. दिवेवाली तिथंच खाली बसली आणि रडली. सूनही शेजारी टेकली.

"खरं सांगा, आई, तेव्हा मी चांगली निघायची संभाव्यता किती धरली होती?"

दिवेवालीनं डोळे पुसले. "निम्म्याहून कमीच," ती म्हणाली. "तेही गणित चुकलंच माझं."