ग्रेडरभाऊंचं बोट

"वरचं सगळ्यांचंच चांगलं राह्यते," असं म्हणत ग्रेडरभाऊ कशातही कोपरापर्यंत हात घालायचे. भाजीच्या टोपलीत, चिवड्याच्या डब्यात, पंगतीतल्या बुंदीच्या घमेल्यात. माझ्या लेकीच्या रुखवतातली उशी त्यांनी भर मांडवात उसवली, आतली रुई चिमटीत ओढून पाहिली आणि व्याह्यांसमोर सांगून टाकलं, "कवडी हाय." कवडी म्हणजे किडका, पिवळा कापूस. व्याह्यांनी त्या उशीवर कधी डोकं ठेवलं नाही.

वणीत आमच्या भिंतीला भिंत लागून त्यांचं घर होतं. होतं म्हणते, कारण आता तिथं दुसरेच लोक राहतात आणि ग्रेडरभाऊही राहिले नाहीत. जिनिंगमध्ये, म्हणजे कापसातली सरकी काढायच्या कारखान्यात, ते कापसाची प्रत ठरवायचे. गाडीत वर पांढरा माल आणि खाली ओला, हे जन्मभर पाहिलेलं, म्हणून त्यांचा हात थेट तळाला. दोन बोटांत धागा ओढला की झालं. आणि चेहरा कसा, तर कोरा. माल आवडला की नाही, ते विकणाऱ्याला कळू द्यायचं नाही ना. तुमच्याही ओळखीत असेल असा एखादा, घरी आल्यावरही कामावरच असलेला.

कापसाची ती वर्षं वाईट गेली. त्या साली तर दिवाळी उलटली तरी खरेदीचा पत्ता नव्हता. दोघा ग्रेडरांपैकी एकालाच ठेवीन, असं जिनिंगच्या शेठनं सांगून ठेवलेलं. ग्रेडरभाऊ घरात बसून डाळ-तांदळाची प्रत काढायला लागले, तेव्हा वहिनी, म्हणजे त्यांची बायको, मला म्हणाल्या, "ताई, यायले कुठं तरी घेऊन चाला. नाही तं मी माहेरी जाते."

आमचे जावई तेव्हा मालवणात नोकरीला. तिथं समुद्राजवळ एका बाईंची खानावळ होती. लेकीकडे गेले की माझी पहिली थाळी तिथलीच. नवराबायकोला घेऊन मी तिथं गेले. खानावळीची पद्धत अशी, की आधी मागच्या दारी टोपली दाखवायची, आपण मासा निवडायचा, मग तो चुलीवर चढणार. बाईंनी टोपली पुढं केली. वर बांगडे चांदीसारखे मांडलेले, खाली ओलं गोणपाट.

"वरचं सगळ्यांचंच..." ग्रेडरभाऊ म्हणाले आणि हात गोणपाटाखाली.

"ओ भाऊ, खंय हात घालतास? खाली कुर्ल्यो आसत."

कुर्ल्या म्हणजे खेकडे. हे आम्हाला समजेपर्यंत हात तळाला पोचला होता. बाहेर आला तो बोटाला एक भलामोठा खेकडा लोंबकळत. चेहरा मात्र तोच, कोरा.

"ताई," ते शांतपणे म्हणाले, "खाली जिवंत माल हाय."

"अहो, सोडा नं त्याले," बायको म्हणाली.

"म्या कुठं धरलं त्याले? त्यानं मले धरलं."

बाईंनी हात बादलीत बुडवायला लावला, तेव्हा कुठं खेकड्यानं बोट सोडलं. डॉक्टरकडून पट्टी बांधून आल्यावर ग्रेडरभाऊंनी हुकूम दिला, "याचंच कालवण करा." मग काय, सगळ्या गिऱ्हाइकांदेखत वहिनी त्यांना घास भरवत होत्या आणि ते नव्या नवरदेवासारखे लाजत होते. खानावळीच्या बाई आतून म्हणाल्या, "लग्नाक किती वर्सां झाली?" सगळी खानावळ हसली.

जेवण झाल्यावर त्यांनी माझ्या सुती लुगड्याचा पदर मागितला. पट्टीबाहेरच्या बोटाच्या शेंड्यानं चोळला. पुन्हा चोळला.

"समजून नाही राह्यलं," ते वहिनींना हळूच म्हणाले. वहिनींच्या हातातली सोलकढी तशीच राहिली. बोट गेलं, तर शेठला कोणाला काढायचं हा प्रश्नच उरणार नव्हता.

आम्ही परतलो आणि आठवड्यात खरेदी सुरू झाली. ग्रेडरभाऊ पट्टी बांधून गेले. बोटानं कळत नाही, मग काय करावं? पहिल्या गाडीतला कापूस त्यांनी तळातून काढला आणि गालावर फिरवला. गाडीवाला म्हणाला, "भाऊ, पावडर लावून राह्यले का?" पण गालाला ओल कळते म्हणे. खुंटं असली तर कापूस अडकतो, म्हणून रोज दाढी. संध्याकाळी गालावर पांढरा भुगा घेऊन यायचे, म्हाताऱ्या सशासारखे.

गाल बोटापेक्षा मवाळ निघाला, ही गोष्ट चार दिवसांत तालुकाभर झाली. बोटाला जे 'बरं' वाटलं असतं, ते गालाला 'चांगलं' वाटायचं. गाड्या आमच्याच जिनिंगकडे वळायला लागल्या. इतर जिनिंगांत कापूस नव्हता आणि इथं रांग. शेठनं कुरकुर केली, पण दोन्ही ग्रेडर ठेवले.

संक्रांतीला मी तीळगूळ द्यायला गेले, तर ग्रेडरभाऊ अंगणात पाटावर बसलेले. पट्टी सोडून मांडीवर ठेवलेली. त्याच बोटानं त्यांनी वातीच्या कापसाचा धागा ओढला, डोळे मिटून, सफाईदार, पहिल्यासारखा.

"भाऊ, बोट तं बरं झालं तुमचं."

त्यांनी माझ्याकडं पाहिलं. चेहऱ्यावरून काही कळेल तर शपथ.

"हंगाम संपू द्या, ताई," ते म्हणाले.

मग हात बायकोपुढं केला. तिनं पट्टी गुंडाळून घट्ट गाठ मारली, आणि ते दाढी करायला आरशासमोर बसले.